माझ्या घरी जागा नाही

११ फेब्रुवारी १९६१, शनिवार

एझेल पिंकनीच्या मयतीच्या दुकानाची फुकट डायरी यंदाही आली. प्रत्येक पानाखाली छापलंय, ‘पिंकनी आणि कंपनी : शेवटपर्यंत आपल्या सोबत.’ मेल्याला लाज कशी वाटत नाही! नऊ वर्षं मी त्याचं तोंड पाहत नाही, तरी दर वर्षी डायरी दारात हजर. फेकून द्यावी तर कागद चांगला आहे. म्हणून लिहिते.

गुरुवारी बेसबॉल क्लबची पोरं सराव शिबिराला येतील. पाचही खोल्या धुऊन काढल्या, आठ खाटांवर नव्या चादरी घातल्या, पडदे कडक इस्त्री केले. अख्ख्या पोर्ट लॅनियरमध्ये, रुळांच्या अलीकडे आमच्यांत म्हणा नाहीतर पलीकडे गोऱ्यांत, माझ्यापेक्षा स्वच्छ घर दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. माझा नवरा एमॉस गॅस्किन आम्हा काळ्या लोकांच्या जुन्या लीगमध्ये अकरा वर्षं बेसबॉल खेळला. बसमध्ये झोपला, हॉटेलांच्या मागच्या खिडकीतून कागदात गुंडाळलेलं खाल्लं. तो गेला त्या वर्षी मी शपथ घेतली की बॅट धरणारं आपलं एकही पोर या गावात उपाशी झोपणार नाही. क्लबची गोरी पोरं पेलिकन हॉटेलात राहतात, आमची माझ्याकडे. क्लब पैसे वेळेवर देतो, त्यावर माझी निम्म्या वर्षाची चूल पेटते.

क्लबच्या मुक्कामाची व्यवस्था बघणारे मिस्टर हॅडली आज येऊन गेले. तिशीतला पोरगा, पण रीतभात चांगली. ओसरीवर उभं राहून म्हणाले, “लुव्हेनिया, तू नसतीस तर आमचं काय झालं असतं?”

हे वाक्य मी माझ्या बहिणीला, नीओलाला, दोनदा सांगितलं. ती पेलिकनच्याच स्वयंपाकघरात अठरा वर्षं आचारीण आहे. म्हणाली, “हो ना. काय झालं असतं?” आणि कांदे चिरत राहिली. हिला माझं चांगलं कधी बघवलंच नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

आली! क्लबची बस आधी पेलिकनपाशी थांबते, गोरी पोरं उतरतात, मग रूळ ओलांडून उरलेली माझ्या दारात. क्लिओटिस मॅब्री सगळ्यात आधी उतरला. हे त्याचं माझ्याकडचं सातवं वर्ष. गेल्या मोसमात अडतीस होमरन मारले, म्हणजे अडतीसदा चेंडू थेट मैदानाबाहेर, उत्तरेत त्याचं चित्र पाटीवर लावतात, पण माझ्या दारात पाय पुसल्याशिवाय आत येत नाही. क्यूबाचा एव्हारिस्तो आला, त्याला आमची भाषा अजून अर्धीच येते आणि भूक पूर्ण लागते. आणि एक नवा, थर्मन ओग्लेट्री, क्लीव्हलंडचा पिचर, चेंडू फेकणारा. बावीस वर्षांचा, काटकुळा, नाकावर माशी बसू देणार नाही असा.

आल्या आल्या विचारतो, “मिस लुव्हेनिया, हॉटेल इथून किती लांब?”

“दीड मैल. का रे?”

“काही नाही. बसमधून फार जवळ वाटलं.”

दोन कोंबड्या तळल्या होत्या, कोलार्डच्या पानांची भाजी, गरम पाव. हाडंसुद्धा उरली नाहीत.

२० फेब्रुवारी, सोमवार

अजून राग उतरलेला नाही, अक्षर वाईट येणार.

नाश्त्याला मक्याच्या कण्या केल्या होत्या, लोणी, मीठ, मिरपूड घालून, आमची आई करायची तशा. थर्मनने दोनदा घेतल्या. मग चमचा खाली ठेवून म्हणाला, “मिस लुव्हेनिया, राग येणार नसेल तर एक बोलू?”

“राग यायचा तर येईल. बोल.”

“तुमचं घर वाईट असतं ना, तर बरं झालं असतं.”

क्लिओटिस म्हणाला, “थर्मन, पुरे.”

“नाही, बोलू दे त्याला,” मी म्हटलं.

“इथं ढेकूण असते, छप्पर गळत असतं, तर इतक्या वर्षांत कुणीतरी बोंब मारली असती. क्लबला लाज वाटली असती. तुम्ही इतकं छान ठेवता की कुणाला लाजच वाटत नाही. आम्हालासुद्धा.”

मी त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली. भरलेली होती, तरी उचलली. म्हटलं, “क्लीव्हलंडला मोठ्यांशी असं बोलतात का? मग तिकडंच खा.”

काल आलेलं पोर, आणि मला शिकवतंय! पांढरा पडदा लावला हा माझा गुन्हा झाला. उद्या म्हणेल, तुम्ही भूक भागवलीत म्हणूनच आम्ही गुलाम राहिलो.

२१ फेब्रुवारी

थर्मनला दोन पाव जास्त वाढले. माफी म्हणून नव्हे. बारीक आहे फार.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझा फोटो निघाला! मिस्टर हॅडली उत्तरेच्या एका मोठ्या पेपरवाल्याला घेऊन आले. तपकिरी हॅट घातलेला मनुष्य, वहीत भराभर लिहिणारा. पोरं सरावाला गेली होती. मी त्याला खोल्या दाखवल्या, चादरी दाखवल्या, हॅम खाऊ घातलं. तो बोटं चाटत म्हणाला, “पण तुझ्या या खेळाडूंना हॉटेलात जावंसं वाटत नाही का?”

मी म्हटलं, “कशाला वाटेल? माझ्या हातचं सोडून पेलिकनच्या बेचव कण्या खायला कोण जाईल? माझी बहीण तिथं रांधते, मला ठाऊक आहे. मीठ नावालाही नसतं. माझी पोरं इथंच सुखात आहेत. हवं तर विचारा.”

“नको, तू सांगितलंस तेवढं पुरे,” तो म्हणाला. मिस्टर हॅडलींनी माझा हात हातात घेऊन दाबला. गोऱ्या माणसाने माझा हात असा धरल्याचं मला तरी आठवत नाही. नीओलाला सांगायला धावले तर ती म्हणाली, “पेपरात माझं नाव नाही ना घातलंस?” बस, एवढंच.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

देवा, माझी जीभ का नाही झडली?

पेपर आला. माझा फोटो, हातात हॅमचं ताट, दात दिसताहेत. वर मोठ्या अक्षरांत: ‘काळे खेळाडू आपल्याच माणसांत खूश. हॉटेल नकोच, म्हणते घरमालकीण लुव्हेनिया.’

क्लिओटिसने जेवायच्या वेळी तो वाचून दाखवला. आवाज चढवला नाही. घडी करून मीठदाणीखाली ठेवला आणि म्हणाला, “मिस लुव्हेनिया, जानेवारीत आम्ही आठही जणांनी क्लबच्या मालकाला पत्र लिहिलं होतं. सगळा संघ एका हॉटेलात राहू दे, म्हणून. पहिली सही माझी होती.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. काल मालकाच्या वतीने हॅडलींनी मला बोलावलं आणि हा पेपर पुढे ठेवला. म्हणाले, क्लिओटिस, तुमचीच बाई काय म्हणते ते वाच.”

कुणी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एव्हारिस्तोने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “हॅम खूप चांगला.” आणि मी सगळ्यांसमोर रडले. थर्मनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भांडी मात्र त्यानेच घासली.

१ मार्च

तू नसतीस तर आमचं काय झालं असतं. आज दिवसभर हेच डोक्यात. काय झालं असतं, हॅडली? सांगते मी तुला काय झालं असतं.

२ मार्च, गुरुवार

नाश्ता संपल्यावर टेबलाच्या टोकाशी उभी राहिले. म्हटलं, “सोमवारी सकाळी सगळ्यांनी बॅगा भरायच्या. माझ्या घरी जागा नाही.”

एव्हारिस्तो घाबरला. “मी कप फोडला म्हणून?”

“नाही रे माझ्या राजा. मी माझं तोंड फोडून घेतलं म्हणून.”

थर्मनला लगेच कळलं, माझं दार लागलं की क्लबला हॉटेलच बघावं लागणार. पहिल्यांदाच दात काढून हसला. क्लिओटिस मात्र हसला नाही. तो म्हणाला, “तुम्ही दार लावलंत की हॅडली पुढच्या दारी जाईल. रुळांच्या अलीकडे अशी चार घरं आहेत. आणि पिंकनीकडे दुकानाच्या वर सहा खोल्या आहेत, रंग दिलेल्या. एक जरी दार उघडलं ना, तर तुमचं बंद असून उपयोग नाही.”

चार घरांचं काही नाही. पण पिंकनी?

“आणि तुझं रे क्लिओटिस?” मी विचारलं. “तुझं वय तेहेतीस. क्लबने डूख धरला तर?”

“गुडघ्यांत अजून दोन वर्षं आहेत,” तो म्हणाला. “ती मी मागच्या दाराने ये-जा करण्यात घालवणार नाही.”

३ मार्च, शुक्रवार

चार घरं झाली. कुणी नाही म्हणालं नाही. म्हातारी मिसेस ड्रेटन तर म्हणाली, “मला वाटलं होतं, तू विचारायला येईपर्यंत मी मरून जाईन.” म्हणजे अख्ख्या वस्तीला कळत होतं आणि एकटी मी आंधळी!

मग पिंकनी. दुकानापुढून तीन फेऱ्या घातल्या. ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? शिरले आत. तो एका शवपेटीला पॉलिश करत होता.

“सिस्टर गॅस्किन!” म्हणाला. “मापाला आलात?”

“तुमचंच माप घ्यायला आलेय, ब्रदर पिंकनी. हॅडली येईल तुमच्याकडे, वरच्या खोल्या मागायला. द्यायच्या नाहीत.”

त्याने फडकं खाली ठेवलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “एका अटीवर. चर्चच्या जत्रेत तुम्ही परीक्षक होतात. माझ्या पीच फळाच्या गोड कॉबलरला शंभर माणसांत म्हणालात, भिंत लिंपायला बरा आहे. रविवारी उभं राहून सांगायचं की तो चांगला होता.”

“देवाच्या घरात खोटं बोलू?”

“चव घेतली होती का तुम्ही?”

आता वहीत कशाला लपवू? नव्हती घेतली. त्या महिन्यात एमॉस अंथरुणाला खिळला होता, आणि हा मयतीचं दुकानवाला हसत हसत माझ्यापुढे भांडं धरून उभा. त्याच्या हातचा घास माझ्या घशाखाली उतरला नसता. हे मी त्याला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

त्याने फडक्याची नीट घडी केली. मग म्हणाला, “मला वाटलं होतं मी तुम्हाला आवडत नाही.”

“नाहीच आवडत,” मी म्हटलं. तो हसला. यात हसण्यासारखं काय होतं?

५ मार्च, रविवार

उभी राहिले. जांभळी हॅट ताठ होती. म्हटलं, “नऊ वर्षांपूर्वी मी चव न घेताच निकाल दिला. ब्रदर पिंकनींची माफी मागते.” मागच्या बाकावरून कुणीतरी खिदळलं. मग म्हटलं, “आणि गेल्या आठवड्यात मी पेपरवाल्यापुढे आपल्या पोरांच्या तोंडचं बोलले, त्यांना न विचारता. तोही निकाल चव न घेताच दिला. उद्यापासून या वस्तीत कुठल्याही घरी बेसबॉल क्लबला जागा नाही. ज्यांच्या हातून सामने जिंकायचे, त्यांना क्लबने झोपायला पेलिकन हॉटेलातच न्यावं.”

छप्पर उडेल असा आमेन झाला. एकटी नीओला गप्प बसली होती, हातमोजे पिळत.

६ मार्च, सोमवार

आठ बॅगा ओसरीवर. मिस्टर हॅडली धावत आले, टाय वाकडा.

“लुव्हेनिया, तू आजारी आहेस का?”

“नाही.”

“मग हे काय?”

“माझ्या घरी जागा नाही.”

“खोल्या तर रिकाम्या दिसताहेत!”

“दिसतात खऱ्या.”

मग रीतभात गळून पडली. “तुला कुणीतरी चढवलंय. तुझं काय जातं, या पोरांचं नुकसान होईल. त्या ओग्लेट्रीला मी उद्या खालच्या दर्जाच्या क्लबात पाठवू शकतो.”

इथं मात्र माझा धीर सुटला. खरं सांगते, दार उघडणार होते. पण थर्मन पायरीवरूनच म्हणाला, “पाठवा की. तिथंही रात्री झोपावं लागेलच. तिथंही विचारीन, हॉटेल किती लांब आहे म्हणून.”

हॅडली गाडी घेऊन एकेका दाराशी गेला. अख्खी वस्ती ओसऱ्यांवर उभी राहून बघत होती. पिंकनीने त्याला काय सांगावं? म्हणाला, “खोल्या आहेत साहेब, पण आमच्याकडे माणूस आडवा होऊन यावा लागतो. चालत आलेला ठेवत नाही.” संध्याकाळपर्यंत हे वाक्य पोराटोरांच्या तोंडी झालं होतं. मीसुद्धा हसले. थोडीशीच.

८ मार्च, बुधवार

दोन रात्री पोरं मैदानावरच्या कपडे बदलायच्या खोलीत झोपली. हातभर रुंदीच्या लाकडी बाकांवर. अडतीस होमरन बाकावर!

आज सामना होता, उत्तरेतून लोक खास क्लिओटिसला बघायला आले होते. त्याची पाळी आली. मैदानात गेला, टोपी काढली, प्रशिक्षकाला म्हणाला, “पाठ आखडलीय. बाकावर झोपलेल्या माणसाच्याने बॅट फिरत नाही.” आणि जाऊन बसला. मग आठही जण बसले. गोऱ्या प्रेक्षकांनी आधी हुर्यो केली, मग एकाने विचारलं, बाकावर का झोपला? मग दुसऱ्याने. तपकिरी हॅटवाला तिथंच होता म्हणे, आणि भराभर लिहीत होता.

संध्याकाळी नीओला आली, कोट न काढताच. “मॅनेजरने आज सगळ्या स्वयंपाकघरात विचारलं, ती लुव्हेनिया कुणाची बहीण? माझी अठरा वर्षं घालवशील तू!”

“अठरा वर्षं मागच्या दाराने जातेस, ती घालवायला राहिलीत काय?”

बोलून गेले. तिचं तोंड मारल्यासारखं झालं. “तुझ्या मुलाला शाळेत कुणी घातलं होतं, एमॉस आजारी असताना? त्या मागच्या दारानेच ना?” एवढंच म्हणाली आणि गेली.

खरं आहे ते. तिच्या त्या मागच्या दारच्या पगारावरच माझा मुलगा शिकला, आणि आता दूर शहरात नोकरी करतो.

१० मार्च, शुक्रवार

त्याच पेपरात आज दुसरा फोटो. आठ माणसं बाकांवर, क्लिओटिसचे पाय बाकाबाहेर लोंबताहेत. माझ्या हॅमच्या फोटोएवढाच मोठा. पेपर पिंकनीने आणून दिला, म्हणाला, वाटेतच होतो. त्याचं दुकान उलट्या दिशेला आहे.

क्लबचे मालक स्वतः आलेत. हॉटेलवाल्यांना म्हणे स्पष्ट सांगितलं, ठेवायचे तर सगळे ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या गावी. हे आपुलकीने नव्हे. फोटोला घाबरून. असू दे, घाबरले तरी चालेल.

११ मार्च, शनिवार

पोरं पेलिकनमध्ये गेली! तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, पण पेलिकनमध्ये.

घर अगदी शांत आहे. मला आवडतं शांत. कपाटं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. संध्याकाळी टेबल मांडलं, तर नऊ ताटल्या मांडून झाल्यावर लक्षात आलं. तेवढ्यात पिंकनी दारात, हातात भांडं. पीचचा कॉबलर. कशाला आला कोण जाणे, गावात कुणी मेलेलंही नव्हतं. दोन ताटल्या ठेवल्या, बाकीच्या उचलल्या.

चांगला होता. नऊ वर्षांपूर्वीही चांगलाच असणार. हे फक्त वहीत.

१५ मार्च, बुधवार

थर्मन येऊन गेला. म्हणे, झोपायला खोल्या दिल्या, पण जेवण वेगळं. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली आहे, बटाट्याची पोती ठेवतात ती. तिथं आठ खुर्च्या टाकल्यात. मोठ्या हॉलमध्ये बसायचं नाही, इतर गिऱ्हाइकांना आवडणार नाही.

“म्हणजे पुन्हा मागंच,” मी म्हटलं.

“म्हणून तर आलोय. रविवारी चर्चआधी आमच्याबरोबर नाश्त्याला या.”

“बटाट्यांजवळ?”

“ते आल्यावर बघू,” तो म्हणाला. “क्लिओटिसने सांगितलंय, जांभळी हॅट घालून या.”

नीओला आठवडाभर बोललेली नाही. काल तिच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

१९ मार्च, रविवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटायचं नाही.

पिंकनी म्हणाला, चालत जाऊ नका, मी सोडतो. त्याची ती लांबलचक काळी गाडी, मयताच्या घरच्यांना नेतात ती. पेलिकनच्या पुढच्या दाराशी उभी केली. हॉटेलच्या गोऱ्या दारवानाने गाडी पाहिली आणि सवयीने टोपी काढली, मान खाली घातली. कुणीतरी मोठं माणूस गेलं असं वाटलं असणार. मी त्याच्या समोरून आत गेले, तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

आठही पोरं कोट-टाय घालून उभी होती. क्लिओटिसने हात पुढे केला, मी धरला, आणि आम्ही सरळ मोठ्या हॉलमध्ये शिरलो. पांढरे टेबलक्लॉथ, पायाखाली जाड गालिचा, वीस-पंचवीस टेबलं. चमच्यांचा आवाज बंद झाला.

मॅनेजर आडवा आला. “तुमची सोय मागे आहे.”

“पाहिली,” क्लिओटिस म्हणाला. “बटाटे चांगले आहेत. आम्ही इथं बसतो.”

आणि बसलो. हॅडली धावत आला. “लुव्हेनिया, तू इथं काय करतेस?”

“मिसेस गॅस्किन,” क्लिओटिस म्हणाला. “माझ्या पाहुण्या आहेत त्या. त्या उठल्या तर आम्हीही उठू, आणि तीन वाजता सामना आहे.”

हॅडलीने इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलाशी तपकिरी हॅट खुर्चीवर ठेवलेली होती आणि तिचा मालक, तो पेपरवाला, वही बाहेर काढत होता. हॅडली म्हणाला, “मिसेस गॅस्किन… बसा तुम्ही.” तेवढं एक ‘तुम्ही’ त्याच्या घशातून निघायला सात वर्षं लागली.

वाढायला आमच्या चर्चमधलाच म्हातारा ब्रदर ओटिस होता. आम्ही अंडी मागवली, कण्या मागवल्या. आल्या. वर साय धरलेली. एक चमचा तोंडात घातला.

अख्खा हॉल बघत होता. शहाण्या बाईने मुकाट्याने गिळलं असतं. आत यायला मिळालं हेच पुष्कळ, आता मिठावरून कुठं बोलायचं? मीसुद्धा तेच म्हणत होते मनात. मग आठवलं, हेच तर मी सात वर्षं म्हणत होते.

“ओटिस, यात मीठ नाही. परत ने.”

“सिस्टर, आज नको गं,” तो कुजबुजला.

“आजच.”

तो वाटी घेऊन गेला. मग स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं, आणि हातात पळी घेऊन नीओला बाहेर आली. “कोण म्हणतं माझ्या…”

मला पाहून थांबली. दाराच्या आत फरशी आहे, बाहेर गालिचा. तिचे दोन्ही पाय गालिच्यावर होते. तिने खाली पाहिलं. अठरा वर्षांत या बाजूला ती कधी आलीच नव्हती.

“मीठ नाही,” मी म्हटलं. याहून दुसरं काही सुचेना.

“अठरा वर्षं नाहीये,” ती म्हणाली. “यांना असंच लागतं.”

“मला नाही लागत. तू केलेल्या आईसारख्या होतात, ते मला ठाऊक आहे. तेच मागतेय.”

मॅनेजर म्हणाला, “नीओला, आत जा.” ती आत गेली. मला वाटलं, संपलं. नोकरीही गेली आणि बहीणही.

पण ती पुन्हा बाहेर आली. ओटिसच्या हाती न देता स्वतः वाटी घेऊन, सगळ्या टेबलांच्या मधून, सावकाश. वाफ निघत होती, लोणी वर तरंगत होतं, मिरपूड. माझ्यापुढे ठेवली. “खा. गार होईल.” आणि गेली नाही. माझ्या खुर्चीमागे हात बांधून उभी राहिली, मी शेवटचा चमचा खाईपर्यंत. मॅनेजरने तोंड उघडलं आणि आठ जोडी डोळे त्याच्याकडे वळलेले पाहून मिटलं. मी वाटी निपटून खाल्ली. डोळ्यांतलं पाणी मिरपुडीचं होतं.

“त्या दिवशी मी नको ते बोलले,” मी मागे न बघता म्हटलं.

“चल आता, चर्चला उशीर होईल,” नीओला म्हणाली. ती कोट आणायला आत गेली. मला वाटलं, नेहमीसारखी मागच्या दाराने येईल आणि कोपऱ्यावर भेटेल. ती कोट अंगावर, पिशवी हातात, हॉलमधूनच आली आणि माझा दंड धरला. नोकरी राहते की जाते, ते सोमवारचं सोमवारी बघू.

आम्ही दोघी पुढच्या दाराने बाहेर पडलो, मागे आठ पोरं. एझेलने गाडीचं दार उघडून धरलं होतं. दारवानाने पुन्हा टोपी काढली. या वेळी कुणी मेलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं.